पाणी असणे आणि पाणी मिळणे : प्रवराकाठच्या तीन विशेषणांचा विचार

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) उत्तर भागात, प्रवरेच्या कालव्यांखालील गावांतून, हातची गेलेल्या रानाविषयी बोलताना तीन विशेषणे ऐकू येतात : चिबड, खारवट आणि चोपण. नागर मराठीत ती जवळजवळ समानार्थी होऊन बसली आहेत. ‘खराब जमीन’ एवढाच बोध त्यांतून उरतो. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र त्यांची सरमिसळ सहसा होत नाही. ज्यात पाय रुततो, विहिरीचे पाणी जेथे हाताशी येते, ते रान चिबड. जे वाळले की पृष्ठभागावर पांढुरका थर धरते ते खारवट. आणि जे ओले असता चिकट, वाळले असता दगडासारखे, ज्यावर पाणी साचते पण आत मुरत नाही, ते चोपण. एकच शेत काही वर्षांच्या अवधीत या तिन्ही अवस्थांतून जाऊ शकते, आणि तरीही प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे. रसायनशास्त्राच्या कसोटीवर हा भेद अगदी काटेकोर ठरतो.

या तिन्ही अवस्थांत एक गोष्ट समान आहे. पीक पाण्यात किंवा पाण्याच्या सान्निध्यात उभे असते आणि तहानेने सुकते. भर ओलीत उसाचे पान गुंडाळलेले दिसते, तेव्हा ‘पाणी आहे’ आणि ‘पाणी मिळते’ ही दोन वाक्ये एकाच अर्थाची नाहीत, हे ध्यानात येते. त्यांतील अंतर कशाने पडते, हे समजण्यासाठी पाण्याच्या रेणूपर्यंत जावे लागते.

प्रथम भूमीची हकीकत थोडक्यात पाहू. अकोले तालुक्याच्या पश्चिम कडेला, कळसूबाईच्या परिसरात, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस उतरू लागले की पर्जन्यछाया सुरू होते, आणि जिल्ह्याच्या बहुतेक भागात पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. पश्चिमेचे पाणी पूर्वेस नेण्यासाठी भंडारदऱ्याचे धरण बांधण्यात आले. त्याचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील काळ्या जमिनीला बारमाही ओल दिली. ऊस आला, कारखाने आले. लोणीजवळच्या प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला. जिल्ह्याच्या समृद्धीचा इतिहास येथून सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीतून निचरा मंद होतो तीवर बारमाही पाणी सोडले असता काय घडते, याची चिंता त्याही पूर्वीची आहे. दख्खनच्या कालव्यांखाली पाणथळ व खारवट होत चाललेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेण्यासाठीच १९१६ साली मुंबई इलाख्यात सिंचनाचा एक खास विभाग स्थापन झाला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे मूळ रूप तेच होय. म्हणजे भंडारदऱ्याची भिंत पुरी होण्याच्या दहा वर्षे आधीच रोगाचे नाव ठाऊक होते.

आता रेणूकडे वळू. प्राणवायूचा एक अणू आणि उद्जनाचे दोन, एवढी पाण्याची जुळणी शाळेतच पाठ झालेली असते. महत्त्वाची आहे ती त्यांची मांडणी. हे तीन अणू एका सरळ रेषेत नसतात. उद्जनाचे दोन हात प्राणवायूशी सुमारे १०४·५ अंशांचा कोन करतात. प्राणवायूची इलेक्ट्रॉनांवरील ओढ अधिक असल्याने ऋण विद्युतभार त्याच्याकडे झुकतो आणि उद्जनाची टोके किंचित धन राहतात. रेणू एकंदरीत विद्युतदृष्ट्या उदासीन, पण अंगाने कलता. रेणू सरळ असता तर दोन्ही बाजूंची ओढ परस्परांत विरून गेली असती. कार्बन डाय-ऑक्साइडच्या बाबतीत नेमके तसेच घडते.

या कलतेपणामुळे एका रेणूचा उद्जन शेजारच्या रेणूच्या प्राणवायूकडे ओढला जातो. या ओढीला उद्जन-बंध म्हणतात. रेणूच्या अंतर्गत बंधाच्या मानाने तो फार दुबळा आहे. त्याची शक्ती साधारण विसाव्या हिश्शाइतकीच. शिवाय तो क्षणभंगुर आहे. सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या सुमारास तो तुटतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. एकेकटा असा क्षुद्र, परंतु समुदायाने मोठा प्रभावी. गंधकाचा अणू प्राणवायूहून जड; त्याने उद्जनाशी केलेले संयुग, हायड्रोजन सल्फाइड, उणे ६० अंश सेल्सियसलाच उकळते. त्याच कुळातील हलके पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रव राहते. उद्जन-बंध नसते तर पृथ्वीवर नदी हा शब्दच निर्माण झाला नसता. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते आणि बाष्प होताना पुष्कळ उष्णता घेऊन जाते, याचेही कारण हेच. वैशाखात रांजणातील पाणी गार राहते ते या गुणामुळे, आणि उन्हात उभ्या पिकाचे पान करपत नाही तेही याच गुणामुळे. या विषयावर पाठ्यपुस्तकांतून पुरेसे लिहिलेले आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा गुण विरघळविण्याचा. मिठाच्या खड्यात सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्यात ही ओढ सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येते. पाण्याचे रेणू सोडियमभोवती प्राणवायूचे टोक आत करून आणि क्लोरीनभोवती उद्जनाचे टोक आत करून गराडा घालतात, आणि प्रत्येक आयन या वेष्टनासह सुटा होतो. साखरेवर विद्युतभार नसतो, पण तिच्या रेणूवर उद्जन-बंध जोडता येतील अशा जागा पुष्कळ असतात. म्हणून तीही विरघळते. तेलाजवळ यांपैकी काहीच नाही. पाणी तेलाचा तिरस्कार करते असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो अलंकार झाला. पाण्याचे रेणू आपसांतील बंध राखण्यासाठी तेलाला बाजूस सारतात, इतकेच.

या बाजूस सारण्यातूनच पेशीची भिंत उभी राहते. पेशीचे पटल ज्या स्निग्ध रेणूंचे बनते त्यांचे एक टोक जलस्नेही आणि शेपूट तैलसदृश असते. पाण्यात ते टाकले की शेपट्या आत आणि टोके बाहेर अशी दुहेरी रांग आपोआप लागते. प्रथिनांच्या लांब साखळ्या विशिष्ट आकाराने घडी पडतात, त्याचेही एक प्रमुख कारण हेच. पेशीच्या वजनापैकी साधारण सत्तर टक्के भाग पाण्याचा असतो. परंतु ‘पेशीत पाणी भरलेले असते’ ही भाषा अपुरी आहे. घागरीला पाणी नसले तरी आकार असतो. पेशीचा आकार मात्र पाण्यानेच दिलेला असतो.

पाणी पेशीच्या रासायनिक क्रियांत स्वतः भागही घेते. उसाचेच उदाहरण घ्यावे. पानात प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचा रेणू फोडला जातो, त्यातील प्राणवायू हवेत जातो आणि उद्जन साखरेच्या घडणीत पडतो. बाहेर पडणारा प्राणवायू कार्बन डाय-ऑक्साइडचा नसून पाण्याचा असतो, हे १९४१ साली जड प्राणवायूच्या साहाय्याने दाखविण्यात आले. उलट, तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखरेच्या एका रेणूत पाण्याचा एक रेणू शिरून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि उतारा घटतो. म्हणजे पाण्यानेच घडविलेली साखर पाणीच मोडते. गव्हाणीसमोर खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेत ही क्रिया मुकाट्याने चालू असते.

आता मूळ प्रश्न. पाणी पेशीत शिरते कसे? पटलाचा मध्यभाग तैलसदृश असल्याने पाण्याला तेथून सहज वाट नाही. वाट देणारी प्रथिने पटलात असतात. त्यांना जलद्वारे म्हणता येईल. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी पीटर अॅग्रे यांनी ती ओळखली. २००३ साली त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा एका द्वारातून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी रेणू एकामागून एक जाऊ शकतात. परंतु द्वार पाण्याला ओढत नाही. ते केवळ उघडे असते. पाणी आत जाईल की बाहेर येईल हे ठरते ते दोन्ही बाजूंस विरघळलेल्या द्रव्यांच्या प्रमाणावरून आणि दाबावरून. जेथे विरघळलेले अधिक तेथे पाण्याचे रेणू त्यांच्या दिमतीत गुंतलेले, मोकळे कमी. म्हणून मोकळ्या पाण्याचा कल त्या बाजूस जाण्याचा. या क्रियेला परासरण म्हणतात आणि तिने निर्माण होणाऱ्या दाबाला परासरण दाब.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८७७ साली हा दाब सच्छिद्र मातीच्या भांड्याने मोजला. भांड्याच्या छिद्रांत त्यांनी पाणी जाऊ देणारे पण साखर अडविणारे एक रासायनिक पटल बसविले होते. एक टक्का साखरेच्या द्रावणाने त्यात सुमारे ०·७ वातावरणाइतका दाब दाखविला. याच हिशोबाने पंधरा टक्के साखरेच्या रसाचा परासरण दाब दहा वातावरणांच्या पुढे जातो. उसाच्या कांड्यात एवढा साठा असताना त्याला मातीतून पाणी ओढण्यास अडचण का पडावी, असे कोणी विचारील. साठा कांड्यात असतो, मुळाच्या टोकाशी नसतो. पाणी प्रथम ज्या पेशीने घ्यावयाचे, ती कोवळी, पातळ आणि साखरेने गरीब असते.

खारवट रानात या कोवळ्या पेशीची कोंडी होते. मातीच्या पाण्यातील क्षारांचे मोजमाप त्याच्या विद्युतवाहकतेवरून करतात, कारण सुटे आयन वीज वाहून नेतात. संपृक्त मातीतून काढलेल्या पाण्याची वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटर या मर्यादेच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजली जाते. चार डेसिसायमन म्हणजे साधारण दीड वातावरणाचा परासरण दाब. हा आकडा लहान वाटतो. परंतु माती वाळू लागली की पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. पाणी निम्मे झाले की दाब दुप्पट होतो, पाव झाले की चौपट. शिवाय उरलेले पाणी मातीच्या कणांना अधिकाधिक घट्ट चिकटून बसते. दोन्ही ओढी एकाच दिशेने, मुळाच्या विरुद्ध. उसाच्या उत्पन्नाला उतार लागतो तो सुमारे १·७ डेसिसायमनपासूनच, आणि पुढे प्रत्येक डेसिसायमनामागे जवळजवळ सहा टक्क्यांनी ते घटते. ज्वारी ६·८ पर्यंत आणि कापूस ७·७ पर्यंत फारसे नुकसान न होता तग धरतो. कालव्याने ज्या पिकाला या भूमीत आणले तेच पीक कालव्याच्या परिणामापुढे सर्वांत दुबळे ठरावे, हा योगायोग बोलका आहे.

पेशी निमूटपणे हार मानीत नाही. ती काही आयन आपल्या मध्यवर्ती रसकोशात कोंडून ठेवते आणि उरलेल्या भागात प्रोलीनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून आपला परासरण दाब वाढविते, जेणेकरून पाण्याचा कल पुन्हा आत वळावा. मात्र ही द्रव्ये ज्या कच्च्या मालातून करावयाची तो साखरेच्याच वाट्याचा असतो. पीक जगते, पण खुजे राहते.

हे क्षार येतात कोठून? काही बेसाल्ट खडकाच्या झिजेतून मातीत मुळातच असतात. उरलेले पाण्याबरोबर येतात. समजा, पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहेत. प्यावयाला असे पाणी गोडच लागते. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. त्याबरोबर दहा हजार किलो क्षार शेतात उतरले. पिकाने व उन्हाने पाणी तेवढे उचलले. बाष्प होताना पाणी आपल्याबरोबर क्षार नेत नाही, आणि मुळेही क्षार शक्यतो बाहेरच ठेवतात. निचरा नसेल तर दहा टन जेथल्या तेथे. ‘गोडे पाणी’ या शब्दप्रयोगात ही बेरीज दडून राहते, कारण जीभ दर घोटाची चव घेते, वर्षाची नव्हे.

चिबड रानाचे दुखणे वेगळे. तेथे क्षार अद्याप चढले नसतील, पण मातीच्या छिद्रांतील हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. पाणी मीठ आणि साखर यांच्यासाठी उदार; प्राणवायूसाठी मोठे कृपण. २५ अंशांना लिटरभर पाण्यात प्राणवायू मावतो तो आठ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पाण्यातून त्याचा प्रसार हवेतील प्रसाराच्या मानाने सुमारे दहा हजार पटीने मंद असतो. कारण पुन्हा तेच : प्राणवायूचा रेणू कलता नाही, पाण्याला त्याला धरता येत नाही. मुळांचा श्वास कोंडतो. आयन बाहेर ठेवणे, निवडून घेणे ही सर्व कामे पेशी ऊर्जा खर्चून करीत असते. श्वसन थांबले की तो पहारा ढिला पडतो, कित्येक जलद्वारेही मिटतात. म्हणून चिबड रान थोडेसे जरी खारवट झाले तरी नुकसान बेरजेने नव्हे, गुणाकाराने होते. पाण्याची पातळी पृष्ठभागाच्या जवळ आली की पाणी मातीच्या केसासारख्या नळ्यांतून वर चढते, वर येऊन उडते आणि पांढरा थर मागे ठेवते. चिबड रान पुढे खारवट होते ते असे.

तिसरी अवस्था चोपण. काळी माती अत्यंत सूक्ष्म पापुद्र्यांची बनलेली असून या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यांना जवळ राखण्याचे काम धनभारित आयन करतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो शेजारच्या पापुद्र्यांना एकमेकांजवळ धरतो, त्यांचे रवाळ ढेकूळ बनते, आणि ढेकळांच्या फटींतून पाणी मुरते. सोडियमवर भार एकच. तो आपल्या जलवेष्टनासह पापुद्र्यांच्या मध्ये सैलपणे वावरतो, पाणी आत शिरते, पापुद्रे सुटे होतात आणि फटी बुजतात. मातीने धरून ठेवलेल्या अशा आयनांत सोडियमचा वाटा शेकडा पंधराच्या वर गेला आणि पीएच ८·५ च्या पुढे चढला की जमीन चोपण मानली जाते. येथे पाणी वर तळ्यासारखे उभे राहते आणि वीतभर खाली माती कोरडी असू शकते.

याच कॅल्शियमची दुसरी करामत त्याच गावांतील चुलीवर दिसते. विहिरीच्या ‘जड’ पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ही तक्रार जुनी आहे. (पाठ्यपुस्तके या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, आणि ‘जड पाणी’ ही संज्ञा अणुभट्टीत वापरल्या जाणाऱ्या ड्युटेरियमयुक्त पाण्यासाठी राखून ठेवतात. घराघरांत जे विशेषण आधीच रुळले होते ते दुसरीकडे खर्च करण्यात परिभाषाकारांनी काय साधले, हे समजणे कठीण आहे.) डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये सांधा घालतो आणि दाणा गोटा राहतो. चिमूटभर सोडा टाकला की हे सांधे सैल होतात. म्हणजे स्वयंपाकघरात सोडियम घालून कॅल्शियमला हटवावयाचे, आणि चोपण शेतात जिप्सम घालून, म्हणजे कॅल्शियम घालून, सोडियमला हटवावयाचे. एकच अदलाबदल, दोन विरुद्ध दिशांनी.

उपायांच्या बाबतीत या तीन शब्दांचा भेद प्रत्यक्ष खर्चाचा होतो. चिबड रानाला चर हवा. खारवट रानाला चर हवा आणि क्षार धुऊन काढण्याइतके चांगले पाणीही हवे. चोपण रानाला केवळ पाणी दिले तर दुखणे वाढते, कारण मोकळे क्षार धुपून जातात आणि पापुद्र्यांना चिकटलेला सोडियम मागे राहतो. तेथे आधी जिप्सम, मग धुणे. शासकीय पत्रकांतून मात्र ‘क्षारपड’ हा एकच शब्द या सर्वांवर पांघरूण घालतो. त्यातील ‘क्षार’ हा शब्द स्वतःच दुहेरी आहे : शालेय पुस्तकांत तो मिठासारख्या संयुगांचा वाचक, तर जुन्या वापरात पापडखारासारख्या विम्ल, दाहक द्रव्याचा. खारवट जमिनीत पहिला अर्थ लागतो, चोपण जमिनीत दुसरा. ज्या शेतकऱ्याने पत्रक वाचून आपल्या चोपण रानावर नुसते पाणी सोडले असेल, त्याची चूक रसायनशास्त्राच्या अज्ञानाची नसून त्याच्या नेमक्या शब्दाऐवजी सैल शब्द हाती आल्याची आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८) परिसरातील माती-परीक्षणाच्या कागदावर वाहकता, पीएच आणि सोडियमचा वाटा असे वेगवेगळे आकडे मागता येतात. ते आकडे या तीन देशी विशेषणांशी जवळजवळ एकास एक जुळतात.

चरातून निघालेले पाणी ओढ्याला मिळते, ओढा प्रवरेला. टोक्याजवळ प्रवरासंगमाला ती गोदावरीस मिळते, आणि तेथपर्यंत जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा पोचलेला असतो. पाण्याने एकदा सोडविलेला सोडियम वाटेत कोठेही नाहीसा होत नाही. श्रीरामपुराकडच्या एखाद्या शेतातून जे दहा टन धुऊन काढले, ते खालच्या कोणाच्या तरी वर्षभराच्या गोड्या पाण्यात, लिटरमागे थोडे थोडे, मोजले जाणार असतात.